स्टेज एकच, मग निकाल वेगळे का?

कॅन्सरचं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कितवी स्टेज? या प्रश्नाचं उत्तर देणारी टीएनएम पद्धत पिएर दन्वा या फ्रेंच सर्जननं १९४० च्या दशकात मांडायला सुरुवात केली. गाठ केवढी, लसिकाग्रंथींपर्यंत गेली का, दूरच्या अवयवात पसरली का, एवढंच ती विचारते. पेशंटचं शरीर गाठीशी कसं झुंजतंय, याचा तिच्यात हिशेबच नाही.

खरं तर ही बाजू त्याआधीच कुणाच्या तरी नजरेस पडली होती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे विल्यम मॅकार्टी यांनी १९२२ मध्ये लिहून ठेवलं होतं की ज्यांच्या गाठीत लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, शिरलेल्या दिसतात, ते पेशंट जास्त जगतात. पण नेहमीच्या रंगात रंगवलेल्या स्लाइडवर सगळ्या लिम्फोसाइट सारख्याच दिसतात: निळसर, गोल, ठिपक्यांएवढ्या. त्यातली कॅन्सरच्या पेशी मारणारी कोणती, हे ओळखणार कसं?

१९७० मध्ये आइल्बर आणि मॉर्टन यांनी वेगळीच वाट धरली. डीएनसीबी या रसायनाचा थेंब पेशंटच्या दंडावर टाकायचा आणि सुमारे दोन आठवड्यांनी त्याचीच बारीक मात्रा पुन्हा लावायची. त्वचा लालबुंद झाली, तर प्रतिकारशक्ती जागी आहे. ज्यांची त्वचा ढिम्म राहिली, त्यांचा आजार ऑपरेशननंतर लवकर उलटण्याची शक्यता जास्त निघाली. चाचणी ओबडधोबड खरी, पण प्रश्न अचूक होता.

दुसरीकडे गाठीच्या पेशींवरच्या खुणा शोधण्याची धावपळ चालू होती. मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना १९६५ मध्ये सीईए हे प्रथिन सापडलं. रक्ताच्या थेंबात कॅन्सर कळेल, ही आशा मात्र फार टिकली नाही. सीईए सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढतं. ऑपरेशननंतर लक्ष ठेवायला ते आजही वापरतात. हर-टूची गोष्ट जास्त फळली. या जनुकाच्या जादा प्रती असलेला स्तनांचा कॅन्सर लवकर उलटतो, हे डेनिस स्लेमन यांनी १९८७ मध्ये दाखवलं, आणि १९९८ मध्ये त्याच खुणेवर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब बाजारात आलं. वाईट भविष्य सांगणारी खूणच औषधाचं लक्ष्य झाली.

मॅकार्टींचं निरीक्षण तपासायला हवं असलेलं हत्यार १९७५ मध्ये मिळालं. केलर आणि मिलस्टाइन यांच्या मोनोक्लोनल अँटिबॉडींमुळे, म्हणजे एकाच खुणेला चिकटणाऱ्या अँटिबॉडींमुळे, पुढे स्लाइडवर टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) तेवढ्या तपकिरी रंगवून मोजता येऊ लागल्या. २००३ मध्ये अंडाशयाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १८६ नमुन्यांचा अभ्यास आला. गाठीत टी पेशी असलेल्यांपैकी ३८ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. नसलेल्यांपैकी जेमतेम साडेचार टक्के. एवढी तफावत पाहिल्यावर शंकेखोरांनाही दखल घ्यावी लागली. २००६ मध्ये पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांच्या गटानं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तेच दाखवलं. त्यातून ‘इम्युनोस्कोर’ आला: गाठीच्या मध्यात आणि कडेला सीडी-३ (सगळ्या टी पेशींवरची खूण) आणि सीडी-८ (मारेकरी टी पेशींवरची खूण) असलेल्या पेशी किती, याची मोजणी. २०१८ मध्ये १३ देशांतल्या अडीच हजारांवर पेशंटांवर तो पडताळला गेला. त्यात अहमदाबादचं कॅन्सर रुग्णालयही होतं.

प्रतिकारशक्ती मोजण्याची आणि गाठीवरच्या खुणा शोधण्याची, या दोन्ही वाटा शेवटी पीडी-एल-१ या प्रथिनापाशी मिळाल्या. ही खूण असते गाठीच्या पेशीवर, पण ती थोपवते टी पेशीला. टी पेशीवरचा तिचा जोडीदार पीडी-१ क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेनं १९९२ मध्येच शोधला होता. नोबेल मिळालं २०१८ मध्ये. आता फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या बायोप्सीवर पीडी-एल-१ किती टक्के पेशींवर आहे, हे पाहूनच बऱ्याचदा इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारे उपचार, ठरते.