विमानाची भीती वाटते? तिकीट बदलायला सांगण्याआधी हे वाचा

कुठेही विमान अपघात झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या ट्रॅव्हल एजन्सीचा फोन थांबत नाही. बहुतेकांची मागणी एकच असते. "आमचं थेट विमान आहे ना, ते बदलून द्या. मध्ये कुठेतरी उतरून जाऊ, एका दमात इतके तास हवेत नकोत." तिकीट घरातल्या वडीलधाऱ्यांचं असेल तर ही मागणी हमखास येते. त्यामागची काळजी आम्हाला कळते. पण ज्या धोक्याला घाबरून तुम्ही थेट विमान सोडता, तो धोका मध्ये थांबा घेतल्याने वाढतो. ही एक गोष्ट नीट सांगावी म्हणून हे पत्रक काढलं आहे.

विमानातला धोका हवेत घालवलेल्या तासांवर ठरत नाही. पस्तीस हजार फुटांवरून सरळ चाललेल्या विमानाच्या वैमानिकाकडे उंची असते, वेग असतो आणि काही बिघडलंच तर विचार करायला वेळही असतो. ऑगस्ट २००१ मध्ये टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए३३० विमानाचं इंधन गळतीमुळे भर अटलांटिकवर संपलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. तरी ते विमान शंभरहून जास्त किलोमीटर नुसतं तरंगत आलं आणि अझोर बेटांवरच्या धावपट्टीवर उतरलं. आतले ३०६ जण वाचले. जमिनीजवळ इतकी उसंत मिळत नाही. म्हणूनच अपघातांचा मोठा वाटा टेक-ऑफ, उतरण्याची शेवटची काही मिनिटं आणि लँडिंग यांतच येतो. थेट विमानात टेक-ऑफ एक आणि लँडिंग एक. थांबा घेतलात की दोन्ही दुप्पट.

शिवाय खर्चाचं बघा. आधीचं तिकीट रद्द करण्याचं शुल्क जातं, नव्या तिकिटाचं भाडं तोवर चढलेलं असतं आणि अनोळखी विमानतळावर टर्मिनल बदलताना ज्येष्ठांची दमछाक होते ती वेगळीच. त्यातही सगळ्यात त्रासाचं म्हणजे काहीजण परस्पर दोन वेगवेगळी तिकिटं काढतात. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. बॅगाही मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन कराव्या लागतात. मग रात्री-अपरात्री आम्हाला फोन येतो, पण त्या वेळी आमच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

आम्ही लगेच तिकीट बदलून देत नाही, आधी समजावत बसतो, अशी काही ग्राहकांची तक्रार असते. बदलाचं सेवाशुल्क आम्हाला मिळतंच, तेव्हा गप्प बसून बदल करणं आमच्या सोयीचं आहे. तरी एकदा तरी "नको" म्हणणं आम्हाला आमचं काम वाटतं. त्यानंतरही तुम्हाला थांबा हवाच असेल, तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, आणि मध्ये पुरेसा वेळ ठेवून करून देतो.

दुसरी मागणी सीटची. जून २०२५ मध्ये अहमदाबादला झालेल्या अपघातात विमानातल्या २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. तो ११ए या सीटवर होता. तेव्हापासून ही सीट मागितली जाते. त्या बोईंग ७८७ मध्ये ११ए आपत्कालीन दरवाज्याशेजारी होती. दुसऱ्या विमानात अकरावी रांग कुठेही येऊ शकते, दरवाज्यापासून लांबसुद्धा. सीटच्या नंबरात सुरक्षितता नसते, त्यामुळे "सुरक्षित सीट" म्हणून आम्ही कोणतीही सीट विकत नाही. त्यापेक्षा बसल्यावर पुढचा आणि मागचा दरवाजा आपल्यापासून किती रांगांवर आहे ते मोजून ठेवा. धूर झाला तर दिसत नाही, हाताने रांगा मोजत जावं लागतं. आणि बाहेर पडायची वेळ आली तर बॅग तिथेच सोडा. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या एअरबस ए३५० मधले ३७९ जण जिवंत बाहेर पडले. क्रूच्या सूचना ऐकून लोकांनी सामान मागे सोडलं होतं, हे त्यामागचं एक मोठं कारण.

विमान कोणत्या मॉडेलचं आहे, हेही विचारलं जातं. वेळापत्रकात जे दिसतं ते आम्ही सांगतो, पण लिहून देत नाही. विमान कंपनी आयत्या वेळी विमान बदलू शकते.

"गाडीनेच जातो" म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. सप्टेंबर २००१ मध्ये विमानं पळवून झालेल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेत अनेकांनी विमान टाळून गाडी काढली. त्यानंतरच्या वर्षभरात त्यामुळे रस्त्यावर सुमारे दीड हजार जास्तीचे बळी गेले, असा मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांचा अंदाज आहे.

विमानात बसल्यावर दोन गोष्टींनी जीव घाबरा होतो. टेक-ऑफनंतर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि पोटात गोळा येतो, विमान खाली चाललंय असं वाटतं. खरं तर वैमानिक टेक-ऑफची जादा ताकद ठरल्याप्रमाणे कमी करत असतो आणि विमान चढतच असतं. त्याआधी पायाखाली धाडकन आवाज येतो तो चाकं आत गेल्याचा. दुसरी गोष्ट म्हणजे हवेतले हेलकावे. विमानाच्या रचनेत सगळ्यात मोठा अपेक्षित भार गृहीत धरतात आणि पंखांना त्याच्या दीडपट भार पेलावा लागतो. धोका असतो तो पट्टा न लावलेल्या माणसाला. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानाला जोराचे हेलकावे बसले, त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेकजण जखमी झाले. पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा सोडू नका.

आता गेटवरून परत फिरणाऱ्यांबद्दल. "तांत्रिक कारणामुळे विलंब" अशी घोषणा झाली की काहीजण घाबरून थेट घरी निघून येतात. बिघाड जमिनीवर सापडला आणि विमान थांबवलं, म्हणजे तपासणीचं काम झालं. पण तुम्ही न कळवता निघून आलात, तर तुमची नोंद नो-शो, म्हणजे न आलेला प्रवासी, म्हणून होते आणि त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही बहुधा आपोआप रद्द होतो. परतीचं तिकीट गेल्याचं लोकांना फार उशिरा कळतं. निघण्याआधी गेटवरूनच आम्हाला फोन करा.

भीती वाटते हे बुकिंग करतानाच सांगा, त्यात संकोच नको. सकाळचं विमान बघतो, कारण दुपारी जमीन तापल्यावर हवा जास्त ढवळलेली असते. पंखाजवळची सीट सुचवतो, तिथे हेलकावे कमी जाणवतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना कोणता आवाज कधी येईल ते आधी समजावून सांगतो. या सल्ल्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही, सीटचं शुल्क विमान कंपनीचं असेल तेवढंच.

आणि अपघाताची बातमी पाहून ॲपवरून तिकीट परस्पर रद्द करू नका. एकदा रद्द झालेलं तिकीट त्याच भाड्यात परत मिळत नाही. अशा वेळी कधीकधी विमान कंपनीच शुल्क न घेता तारीख बदलून देते, ते आम्ही आधी विचारून घेतो.