मनिलातली चौदावी फेरी आणि एडी फच

जो फ्रेझियर आणि मुहम्मद अली या बॉक्सर्सच्या मनिलातल्या लढतीला १ ऑक्टोबर २०२५ रोजी ५० वर्षं झाली. तिचा विषय निघाला की फ्रेझियरचे प्रशिक्षक एडी फच यांचं नाव निघतं, आणि मागोमाग ठरलेलं वाक्य येतं: अलीला हरवणाऱ्या पाच जणांपैकी चौघांचे हे गुरू. वाक्य खोटं नाही, पण त्यात बराच गुंता आहे.

फच यांचा जन्म १९११ चा, मिसिसिपीतला. वाढले डेट्रॉईटच्या ‘ब्लॅक बॉटम’ या कृष्णवर्णीय वस्तीत. हौशी बॉक्सर म्हणून लाइटवेट या हलक्या वजनाच्या गटात नाव झालं. १९३३ मध्ये त्यांनी शहराची गोल्डन ग्लोव्हज स्पर्धा जिंकली. तिथल्या ब्रूस्टर जिममध्ये तेव्हा पुढे हेवीवेटचा जगज्जेता झालेला जो लुईही यायचा. वजनात एवढी तफावत असूनही लुई सरावाला फचनाच हाक मारायचा, कारण हा चपळ गडी ठोशाच्या टप्प्यात सापडला की आपला हात बसला असं तो समजायचा. व्यावसायिक होण्याच्या बेतात असताना तपासणीत हृदयाचा दोष निघाला आणि स्वतः खेळणं संपलं. मग दुसऱ्यांना शिकवणं सुरू झालं, आणि पोटासाठी टपाल खात्यासारख्या नोकऱ्या. डॉन जॉर्डन हा पहिला जगज्जेता शिष्य १९५८ मध्ये मिळाला. फच तेव्हा ४७ वर्षांचे होते.

आता त्या ‘चौघां’कडे वळू. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला फ्रेझियरने अलीला हरवलं, तेव्हा त्याचा मुख्य प्रशिक्षक दुसराच होता. फच त्याचे साहाय्यक. मात्र उजवा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारताना अलीचा उजवा हात खाली येतो, तेव्हाच डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) टाकायचा, हा धडा फच यांचा. पंधराव्या फेरीत अली खाली पडला तो डाव्या हूकनेच. १९७३ मध्ये सॅन डिएगोत केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला, तेव्हा सूत्रं पूर्णपणे फच यांच्या हाती होती. मागे सरू नकोस, अलीच्या जॅबवरच (पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशावरच) तुझा जॅब टाक, ही त्यांची योजना. लॅरी होम्स (१९८०) आणि ट्रेव्हर बर्बिक (१९८१) यांनी थकलेल्या अलीला हरवलं, त्या वेळी मात्र हे दोघे दुसरीकडे शिकत होते. फच यांच्याकडे आले ते नंतर. म्हणजे चौघे ‘शिष्य’ खरे, पण फच यांची विद्या अलीविरुद्ध कामी आली ती दोघांच्याच हातून. माझ्या मते ते दोन विजय पुरेसे आहेत. आकडा फुगवायची गरजच नाही.

फच यांची खरी ओळख एका पराभवात आहे. फ्रेझियरचा मूळ प्रशिक्षक १९७३ मध्ये वारला आणि जबाबदारी फच यांच्यावर आली. मनिलाची लढत अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी सकाळी ठेवली होती, आणि सभागृहात उकाडा असह्य होता. तेराव्या फेरीत फ्रेझियरच्या तोंडातलं दंतरक्षक उडून प्रेक्षकांत पडलं. चौदाव्या फेरीत अलीचे उजव्या हाताचे ठोसे त्याला येताना दिसतच नव्हते. चेहरा सुजलेला, आणि डाव्या डोळ्याची नजर पूर्वीपासूनच अधू. तिन्ही गुणपत्रिकांवर अली पुढे होता. उरली होती एक फेरी, तीन मिनिटं. रिंगमध्ये माणसं मेलेली पाहिलेल्या फच यांनी लढत थांबवली. फ्रेझियर उठू पाहत होता, नको म्हणत होता. त्यांनी त्याला बसवलं.

यावरचा वाद अजून चालू आहे. समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे फेऱ्यांच्या मधे खेळाडू आपल्या प्रशिक्षकांसोबत बसतो तिथे, अलीनेच हातमोजे कापून काढायला सांगितलं होतं, म्हणजे तोच लढत सोडायला निघाला होता, अशी एक हकिकत सांगतात. ती सगळ्यांना मान्य नाही. ती खरी धरून लोक म्हणतात, फ्रेझियर नुसता उभा राहिला असता तरी जिंकला असता. पण फच यांनी समोरचा कोपरा कशाला पाहायचा? त्यांना पाहायचा होता आपला माणूस, ज्याला दिसत नव्हतं. नोंदवहीत या निकालाला कुठे ‘टीकेओ’ (तांत्रिक नॉकआउट, म्हणजे खेळाडू पुढे लढू शकत नाही म्हणून थांबवलेली लढत) म्हणतात, तर कुठे कोपऱ्याने घेतलेली माघार. रेफरीने नव्हे, प्रशिक्षकाने लढत सोडली, हे यातल्या दुसऱ्या नावातून स्पष्ट कळतं, म्हणून मला ते योग्य वाटतं. पाचच वर्षांनी होम्ससमोर अलीची दशा झाली, तेव्हा दहाव्या फेरीनंतर त्याच्या प्रशिक्षकालाही हेच करावं लागलं. कोपऱ्यातल्याच एकाचा विरोध असताना त्याने ते केलं.

फच यांचा सल्ला न ऐकणाराही एक निघाला. फ्रेडी रोच या त्यांच्या शिष्याला त्यांनी वेळीच निवृत्त हो म्हटलं होतं. तो वडिलांना कोपऱ्यात घेऊन लढत राहिला, हरत गेला, आणि पुढे त्याला पार्किन्सनचा आजार जडला. नंतर तो फच यांच्याकडेच परतला, या वेळी त्यांचा साहाय्यक म्हणून. १९९२ मध्ये फच यांनी रिडिक बोवला हेवीवेटचा जगज्जेता केलं, तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. रोचने १९९५ मध्ये हॉलिवूडला स्वतःची जिम काढली. २००१ मध्ये तिथे फिलिपिन्सचा एक अनोळखी मुलगा आला, पुढे जगप्रसिद्ध झालेला बॉक्सर मॅनी पॅकियाओ. त्या जूनमध्ये लास वेगासला तो रोचच्या कोपऱ्यातून पहिल्यांदा उतरला आणि जिंकला. त्याच शहरात, त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला फच गेले.