युरोपचा रेल्वे पास घेतलात? सीटचं आरक्षण वेगळं करावं लागतं

युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास) मोबाइलवर आला की आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत बहुतेकांचा पहिला फोन येतो, "यात सीट नंबर कुठे आहे?" पासवर सीट नंबर नसतोच. आपल्याकडे कन्फर्म तिकिटावर प्रवास आणि बर्थ दोन्ही एकत्र मिळतात. तिकडे दोन्हींचे पैसे वेगळे. पास 33 देशांत चालतो, पण जागा त्या-त्या गाडीची, त्या-त्या दिवशीची घ्यावी लागते.

सगळीकडे नाही, हेही सांगतो. जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियातल्या देशांतर्गत गाड्यांना आरक्षण सहसा सक्तीचं नाही. जर्मनीच्या आयसीई गाडीत सीटजवळच्या छोट्या पट्टीवर 'फ्रँकफुर्ट–मानहाइम' दिसलं, तर ती सीट तेवढ्याच टप्प्यापुरती गेलेली असते. मानहाइमनंतर खुशाल बसा. अशा ठिकाणी आम्ही स्वतःहूनच "आरक्षण नको, पैसे वाचवा" म्हणतो.

फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, स्पेनची आवे आणि युरोस्टार या वेगवान गाड्यांत मात्र आरक्षणाशिवाय चढता येत नाही. वेटिंग नाही, आरएसी नाही.

सगळ्यात महागात पडते ती एकच गोष्ट: "तिकडे गेल्यावर बघू." पॅरिस–झुरिक किंवा युरोस्टारसारख्या गाड्यांत पासधारकांसाठी ठरावीकच जागा असतात. त्या संपल्या की गाडीत सीटा रिकाम्या असूनही पासवर मिळत नाहीत. आमच्याकडचं चौघांचं एक कुटुंब असंच झुरिक स्टेशनवर अडकलं. खिशात पास, पॅरिसचं हॉटेल भरलेलं, आणि शेवटी चार पूर्ण भाड्याची तिकिटं काढावी लागली. आपल्याकडे तेव्हा रात्र होती. फोनवर धीर देण्यापलीकडे आम्हाला काही करता आलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून पास देतानाच आम्ही तारखा मागतो. काहींना ही घाई वाटते, जास्तीचे पैसे काढण्याचा प्रकार वाटतो. आरक्षणाचं शुल्क रेल्वे कंपनीला जातं. आमचा सेवाआकार पावतीवर वेगळा दाखवलेला असतो. तारखा पक्क्या नसतील तर दुसरी वाटही काढून देतो. मिलान–व्हेनिस हा प्रवास व्हेरोनाला बदलून साध्या रिजनल गाड्यांनी आरक्षणाशिवाय होतो, फक्त वेळ जास्त लागतो. स्वित्झर्लंडमधली डोंगरातून जाणारी बर्निना एक्सप्रेस ही पर्यटक गाडी भरली तर त्याच रुळांवरून तिरानोपर्यंत साधी गाडी जाते, डोंगर आणि हिमनद्या त्याच. आम्हाला तर तीच जास्त आवडते.

4 ते 11 वर्षांच्या मुलांचा पास मोठ्यांबरोबर फुकट असतो (एका मोठ्यामागे दोन मुलं), पण जिथे आरक्षण सक्तीचं आहे तिथे त्यांच्याही सीटचे पैसे पडतात. वय पास सुरू होण्याच्या दिवशीचं धरतात. तेव्हा निघण्याच्या दोन-तीन महिने आधी शहरांची यादी, तारखा आणि सगळ्यांच्या पासपोर्टवरच्या जन्मतारखा आमच्याकडे पाठवा. कुठे आरक्षण लागेल आणि कुठे नाही, हे गाडीनिहाय लिहून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.