वरणाचं पाणी की खिमट?

कुकर उघडायचा, डाळीवर तरंगणारं पिवळसर पाणी वाटीत काढायचं, चिमूटभर मीठ घालायचं आणि बाळाला भरवायचं. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, अनेक घरांत बाळाच्या वरच्या अन्नाची सुरुवात अशीच होते. त्याच डब्यात तळाशी बसलेली डाळ मात्र ‘जड पडेल’ म्हणून बाजूला राहते. बाळाला हवी असते ती नेमकी तीच.

प्रश्न पोटाच्या मापाचा आहे. सहा महिन्यांच्या आसपास बाळाच्या पोटात वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाचं पोट २०० मिलीच्या आसपास भरतं. आईच्या १०० मिली दुधातून ६५ ते ७० कॅलरी मिळतात. वरणाचं पाणी त्याच्या जवळपासही फिरकत नाही, कारण डाळीचा कस बहुतांशी गरातच राहतो. वाटीभर पाणी पिऊन बाळ गाढ झोपतं आणि घरचे म्हणतात, पोट भरलं. भरलंच, पण पाण्याने. मग दूध कमी प्यायलं जातं आणि वजन अडतं. बाटलीतून दिलं तर आणखी वाईट, कारण चमच्यावरून खायला शिकायचंच राहून जातं.

त्याऐवजी द्यायचं ते खिमट, म्हणजे तांदूळ-मुगाच्या रव्याची मऊ पेज. खिमटाला दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी सालं काढलेली मूगडाळ घ्या. दोन्ही धुऊन पंख्याखाली खडखडीत वाळवा, मंद आचेवर वेगवेगळे भाजा आणि मिक्सरमधून बारीक रवा काढा. पावसाळ्यात इकडच्या दमट हवेत दहा-बारा दिवसांपुरताच करावा. एक मोठा चमचा रवा आधी गार पाण्यात कालवा. थेट उकळत्या पाण्यात टाकला की गुठळ्या झाल्याच. एकूण पाऊण वाटी पाण्यात आठ-दहा मिनिटं शिजवा, वर अर्धा छोटा चमचा साजूक तूप. एवढ्याचे साधारण ६० कॅलरी होतात. पहिले काही दिवस बाळ दोन-तीन छोटे चमचेच खाईल, तेवढं पुरे. पुढे दिवसातून दोन-तीनदा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत.

दाटपणा चमच्यावर कळतो. चमचा तिरका केला की लगेच वाहिलं तर पातळ. जरा थांबून सावकाश घसरलं तर नेमकं. उलटा केला तरी चिकटूनच राहिलं तर फार घट्ट. मात्र हे खिमट कोमट झाल्यावर पाहायचं. गॅसवर असताना नेमकं दिसणारं खिमट ताटलीत येईपर्यंत आळतं, आणि बाळाने तोंड फिरवलं की ‘त्याला आवडत नाही’ असा शिक्का बसतो.

सुरुवात कधी? ‘सहावा महिना लागला’ म्हणजे पाचच पूर्ण झाले. आपल्याला सहा पूर्ण हवेत, म्हणजे १८० दिवस. मान सावरलेली हवी, आधाराने बसता यायला हवं, आणि चमच्यावरचं जिभेने सारखं बाहेर ढकललं जाऊ नये. नुसतं मूठ चोखणं ही अन्नाची मागणी नव्हे. मुलीचं उष्टावण पाचव्यात करण्याची रीत असली तरी सातवाही चालतो, तोच धरावा.

घाईचं खरं कारण बऱ्याचदा रजा असते. प्रसूती रजा २६ आठवड्यांची, पण त्यातले आठ बाळंतपणाआधीच गेले तर आई पुन्हा लोकल पकडते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. अशा वेळी पाळणाघरात किंवा आजीकडे काढून ठेवलेलं आईचं दूध द्यायचं, डाळीचं पाणी नाही.

खिमटही एकटं पुरत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा उतरू लागतो आणि तांदूळ-मुगात लोह बेताचंच. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत पूर्ण शिजवलेलं अंडं, काटे काळजीपूर्वक काढलेला मासा किंवा कुस्करलेलं चिकन सुरू करावं. आगरी-कोळी घरांत तर मासा हाताशीच असतो. शाकाहारी घरात घोटलेली डाळ, पालेभाजी आणि वर लिंबाचे थेंब; लिंबाने लोह जास्त शोषलं जातं. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही सकाळी, म्हणजे अंगावर पुरळ उठलं तर दिवसा कळतं. मीठ, साखर आणि मध बाळ वर्षाचं होईपर्यंत नको.

वरणाचं पाणी मात्र फेकू नका. बिनमिठाचं असेल तर आळलेलं खिमट सैल करायला त्यातले दोन चमचे घाला.