सिक क्विटर बायस
मध्यम मद्यपान आणि तब्येत यांच्यावरच्या अभ्यासांत 'न पिणारे' या गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही धरली जातात, आणि मग त्यांच्या तुलनेत थोडी पिणारे उगाच धडधाकट दिसतात, या दोषाला सिक क्विटर बायस म्हणतात.

मृत्युदराचा इंग्रजी 'J' अक्षरासारखा आलेख (थोडी पिणाऱ्यांत मृत्यू सगळ्यांत कमी, न पिणाऱ्यांत जरा जास्त, खूप पिणाऱ्यांत बरेच जास्त) तसा जुना आहे, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्लने १९२६ च्या सुमारास बाल्टिमोरच्या माहितीवरून थोडी पिणारे जास्त जगतात असं मांडलं होतं. पण या आलेखामागची गडबड ठळकपणे दाखवायचं श्रेय बहुतेक जण जेराल्ड शेपर या संशोधकाला देतात. त्याच्या टीमने ब्रिटनच्या २४ शहरांतल्या ४० ते ५९ वयाच्या ७,७३५ पुरुषांचा अभ्यास केला आणि १९८८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की न पिणाऱ्यांत पूर्वी पिणारे बरेच आहेत आणि त्यांना आधीपासूनच आजार जास्त आहेत. समजा ५५ वर्षांचा एखादा माणूस, वीस वर्षं रोज घेत होता, लिव्हर बिघडल्यावर डॉक्टरने बंद करायला लावली, आता फॉर्मवर 'सध्या पिता का?' ला तो 'नाही' लिहिणार आणि पुढे गेला की त्याचा मृत्यू न पिण्याच्या खात्यात जमा होणार!

आर्थर क्लॅट्स्कीसारख्या हृदयतज्ज्ञांना हे पटलं नाही, सोडलेले वेगळे काढले तरी हृदयविकारात फायदा उरतो असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप हलका नाही. पण नुसते सोडलेले काढून भागत नाही, कारण उतारवयात अभ्यास सुरू केला की दारूने आधीच गेलेले त्यात येतच नाहीत, शिवाय थोडी पिणारे बऱ्याचदा पैशाने, शिक्षणाने बरे असतात. टिम स्टॉकवेल आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये १०७ अभ्यास, सुमारे ४८ लाख माणसं एकत्र तपासली, आणि असे दोष हिशेबात घेतल्यावर कमी पिण्याचा ठोस फायदा उरला नाही. चीनमधल्या ५ लाख लोकांच्या अभ्यासात (२०१९) माणूस किती पितो यावर परिणाम करणाऱ्या जनुकांवरून पाहिलं तर पक्षाघातापासूनचं संरक्षण दिसेनासं झालं, आणि जनुकं काही कुणी आजारी पडल्यावर बदलत नाही, म्हणून हा पुरावा जास्त वजनदार वाटतो.

वाद मिटलेला नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान सल्लागार संस्थेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालात सोडलेल्यांना वगळूनही मध्यम पिणाऱ्यांचा एकूण मृत्युदर कमीच आला, स्तनाच्या कॅन्सरचा धोका मात्र जास्त. आपल्याकडे मुंबईत मोठ्या वयाच्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासात पिणाऱ्यांचाच मृत्युदर जास्त निघाला.