अश्वस्तनवृत्ती

घरात उद्यापुरतंसुद्धा काही न साठवता, उद्याचं देव बघून घेईल या भरवशावर जगायची रीत. श्वस्तन म्हणजे उद्याचं, ते ज्याच्याकडे नाही तो अश्वस्तनिक. संतांच्या अभंगांमुळे देवावर भार टाकणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे, म्हणून त्यात इथे जात नाही. पण याला एक नियमांची बाजू पण आहे, म्हणजे किती दिवसांचा साठा घरात असेपर्यंत भरवसा टिकतो आणि कुठून पुढे तो नुसता बोलण्यापुरता उरतो, आणि वेगवेगळ्या धर्मांतल्या जाणकारांनी या प्रश्नावर भरपूर डोकं लावलंय.

मनुस्मृतीत (४.७) ब्राह्मण गृहस्थाचे चार प्रकार येतात: कुसूलधान्यक, कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरतं ठेवणारा आणि अश्वस्तनिक. लगेच पुढच्या श्लोकात सांगितलंय की यातला नंतरचा नंतरचा श्रेष्ठ, म्हणजे काहीच न ठेवणारा सगळ्यात वर. याज्ञवल्क्यस्मृतीतही (१.१२८) हीच उतरंड आहे. मनुस्मृतीचा काळ साधारण इ.स.पू. २०० ते इ.स. २०० असा धरतात, अलीकडचे काही अभ्यासक तो इसवी सनाच्या २ऱ्या-३ऱ्या शतकाकडे सरकवतात आणि ते जास्त पटण्यासारखं आहे. आता कुसूल म्हणजे कणगी आणि कुंभी म्हणजे मडकं एवढं ठीक, पण त्यात धान्य नक्की किती दिवसांचं यावर टीकाकारांचं जमत नाही. मेधातिथी कुंभीचा अर्थ सहा महिन्यांचा साठा असा करतो, कुल्लूक म्हणतो कणगी तीन वर्षांची आणि मडकं एका वर्षाचं, तर गोविंदराजाच्या मते कणगी बारा दिवसांची आणि मडकं सहा दिवसांचं. कुल्लूकाला हे इतकं खटकलं की त्याने चक्क श्लोक रचून सांगितलं की गोविंदराजाच्या म्हणण्याला आधार नाही, आम्ही ते मानत नाही. कुल्लूकाच्या बाजूने मनुस्मृतीतलाच पुरावा आहे, कारण ११.७ मध्ये तीन वर्षं पुरेल एवढं अन्न असलेल्यानेच सोमयाग करावा असं आलंय. पण मग एका वर्षावरून एकदम तीन दिवसांवर उडी पडते, आणि गोविंदराजाचं धरलं तर बारा, सहा, तीन आणि शून्य अशी सरळ पायरी लागते. पुराव्याने कुल्लूक वरचढ आहे, पण श्लोकाची चाल बघितली तर गोविंदराज इतक्या सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी, मनुस्मृतीत या जागी देवाचं नावच नाही. तिथे मुद्दा कमी संग्रहाचा आहे, भरवशाचा नाही. म्हणूनच न मागता मिळालेल्याला तिथे 'अमृत' आणि मागून आणलेल्या भिक्षेला 'मृत' म्हटलंय (४.५). देव येतो तो गीतेत (९.२२), जे अनन्य होऊन चिंतन करतात त्यांचा योगक्षेम (हवं ते मिळवणं आणि मिळालेलं राखणं) मी वाहतो, असं. यावर शंकराचार्यांच्या भाष्यात शंका काढलीय की मग बाकीच्या भक्तांचा योगक्षेम देव वाहत नाही का? उत्तर असं की वाहतो, पण ते स्वतःही त्यासाठी धडपडत असतात, अनन्य भक्त तशी धडपड करत नाही. म्हणजे फरक देवाच्या देण्यात नाही, माणसाच्या मनात आहे, आणि या सगळ्या विषयात इतकं नेमकं क्वचितच कोणी सांगितलं असेल.

याचं टोक म्हणजे अजगरव्रत, पडून राहायचं आणि समोर येईल ते खायचं. महाभारताच्या शांतिपर्वात आणि भागवताच्या ७व्या स्कंधात प्रल्हादाशी झालेल्या संवादात ते येतं, पण ते विरक्त मुनीचं आहे, संसारी माणसासाठी नाही.

बायबलच्या जुन्या करारात (निर्गम १६) रानातल्या इस्राएल लोकांना रोज मान्ना (देवाने पाठवलेलं अन्न) मिळतो, माणशी एक ओमर (त्या काळचं एक माप), आणि उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडतात. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची परवानगी, कारण सातवा दिवस विश्रांतीचा, आणि तेव्हा साठवलेलं नासत नाही. म्हणजे साठवणं मुळात वाईट असं नाही, सांगितलेलं सोडून साठवणं वाईट. येशूचं उद्याची चिंता करू नका हे वचन (मत्तय ६.३४) याच धाग्यातलं आहे, पण सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाने ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये असं बजावलंय (२ थेस्सल ३.१०), त्यामुळे त्यातून आळसाला परवानगी काढता येत नाही.

इस्लाममध्ये अल्लावरच्या या भरवशाला तवक्कुल म्हणतात. पक्षी सकाळी उपाशी जातात आणि संध्याकाळी पोट भरून येतात अशी हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) आहे, पण ते घरट्यातून बाहेर पडतात हेही त्यातच आलं, आणि आधी उंट बांध मग भरवसा ठेव ही हदीस तर सगळ्यांना पाठ. साठ्याचा वाद इथेही आहेच आणि तो मनूच्या टीकाकारांसारखाच दिवस मोजत चालतो: सूफी सहल तुस्तरीच्या मते साठवलं की तवक्कुल संपला, खव्वासच्या मते चाळीस दिवसांपर्यंत चालतं, अबू तालिब मक्कीच्या मते त्यापुढेही चालतं. हे सगळं इस्लामी धर्मपंडित गझालीने (मृत्यू ११११) नोंदवलंय. त्याचा कल असा की एकट्या माणसाने साठवू नये, पण बायकापोरं असलेल्याने वर्षभराचं ठेवलं तर तवक्कुल मोडत नाही, आणि खुद्द पैगंबरांनी घरच्यांसाठी वर्षाची तरतूद केल्याची हदीस याला आधार आहे. दुसऱ्यांची पोटं आपल्यावर असताना त्यांना आपल्या भरवशाची परीक्षा द्यायला लावू नये, हा यातला विचार फार मोलाचा आहे.

बौद्ध भिक्खूंनाही रात्रभर अन्न साठवायला मनाई आहे, तूप-मध वगैरे औषधी वस्तू फक्त सात दिवस ठेवता येतात, पण तिथे देणारा देव नाही, त्यामुळे आचार सारखा असला तरी ते इथे धरता येत नाही.

आधुनिक काळात ठळक नाव ख्रिस्ती धर्मप्रचारक जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) यांचं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १८३६ पासून त्यांनी अनाथाश्रम चालवले, १०,००० च्या वर मुलं सांभाळली, माणसांकडे पैसे मागायचे नाहीत फक्त प्रार्थना करायची हा नियम. हिशोब मात्र चोख ठेवून दरवर्षी छापायचे. हा छापील अहवाल म्हणजे आडून मागणंच होतं असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच फोल नाही, पण हाताशी पैसे नसल्याचं त्या वेळी बाहेर सांगायचं नाही हे पथ्यही त्यांनी पाळलं. त्यांच्या उदाहरणाचा पंडिता रमाबाईंवर परिणाम झाला, केडगावचं मुक्ती मिशन (निराधार बायका-मुलींचा आश्रम) रमाबाईंनी याच भरवशावर चालवलं, सोबत शेती होती, विहिरी होत्या आणि मुलींच्या हाताला काम होतं.