जर्मनीत मीडिया टेक्नॉलॉजीचं मास्टर्स: अभ्यासक्रमाची रचना, पात्रता आणि कागदपत्रं

जर्मनीत मीडिया टेक्नॉलॉजीत मास्टर्स करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती टक्के लागतात?’ टक्क्यांचा नंबर नंतर लागतो. प्रवेश समिती आधी बघते ते तुमच्या पदवीत कोणते विषय होते आणि प्रत्येकाला किती क्रेडिट होती ते. तिथं अडलं तर नव्वद टक्केही उपयोगाचे नाहीत. त्यामुळे अर्जाची तयारी एसओपीपासून (‘मला हा अभ्यासक्रम का हवा’ हे सांगणाऱ्या पत्रापासून) नाही, आपल्या सिलॅबसपासून सुरू करावी.

आधी अभ्यासक्रमांबद्दल. जर्मनीत या नावाखाली आणि आसपास बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. इल्मेनाउच्या तांत्रिक विद्यापीठातलं मीडिया टेक्नॉलॉजी हे उघडउघड इंजिनिअरिंग आहे: सिग्नल प्रोसेसिंग, ध्वनिशास्त्र, व्हिडिओ तंत्रज्ञान, व्हर्च्युअल रिअॅलिटी. एमपीथ्री घडवण्यात मोठा वाटा असलेले कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग याच विद्यापीठात प्राध्यापक होते आणि फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थासमूहाची डिजिटल मीडियावर काम करणारी संस्थाही याच गावात आहे. वायमारच्या बाउहाउस विद्यापीठात ‘कॉम्प्युटर सायन्स फॉर डिजिटल मीडिया’ आणि ‘ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन’ असे दोन अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत. आखेन आणि बॉनची विद्यापीठं मिळून ‘मीडिया इन्फॉर्मॅटिक्स’ चालवतात, तेही इंग्रजीतून. या सगळ्या ठिकाणी कल इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सकडे आहे. पत्रकारिता, जाहिरात किंवा मास कम्युनिकेशनची पदवी असलेल्यांनी इथं अर्ज करून शुल्क वाया घालवू नये. त्यांच्यासाठी मीडिया मॅनेजमेंट किंवा कम्युनिकेशन सायन्सचे वेगळे मास्टर्स आहेत. सगळे अभ्यासक्रम एकत्र पाहायचे तर डाडची (डीएएडी, जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेची) वेबसाइट किंवा होखशूलकोम्पास हे जर्मन अभ्यासक्रमांचं अधिकृत शोध-पोर्टल पाहा. एजंटच्या यादीवर विसंबू नका, त्या यादीत खासगी कॉलेजंच जास्त असतात.

दोन वर्षांत काय असतं

साधारण रचना अशी: चार सेमिस्टर, एकूण १२० ईसीटीएस (युरोपभर चालणारी क्रेडिट पद्धत) क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला ३०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं आणि त्यात लेक्चर, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी असं सगळं येतं. वेळापत्रकात आठवड्याला जेमतेम अठरा-वीस तास दिसतात म्हणून फसू नका. उरलेला वेळ तुम्ही स्वतः बसून अभ्यास कराल असं विद्यापीठानं गृहीत धरलेलं आहे.

पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये सक्तीचे आणि निवडीचे विषय असतात. तिसऱ्यात बहुतेक ठिकाणी मोठा प्रोजेक्ट किंवा संशोधन सेमिनार असतो. चौथं सेमिस्टर पूर्ण थीसिसला, त्याची बहुधा ३० क्रेडिट, मुदत साधारण सहा महिने, शेवटी तोंडी सादरीकरण. या क्षेत्रातला प्रोजेक्ट कसा असतो याचं एक उदाहरण द्यायला हवं, कारण आपल्याकडे प्रोजेक्ट म्हटलं की अॅप बनवणं डोळ्यासमोर येतं. समजा विषय आहे व्हिडिओ कॉम्प्रेशनची गुणवत्ता. एकच दृश्य वेगवेगळ्या बिटरेटवर (सेकंदाला किती डेटा यावर) एन्कोड करायचं. मग लोकांना बोलावून, खोलीतला प्रकाश आणि पडद्यापासूनचं अंतर ठरवून, त्या क्लिप दाखवायच्या आणि १ ते ५ अशा श्रेणीत गुण घ्यायचे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची बीटी-५०० ही शिफारस अशा चाचणीला किमान १५ प्रेक्षक मागते. पुढे त्या आकड्यांचं संख्याशास्त्रीय विश्लेषण आलंच. थोडक्यात, कॅमेरा हाताळायची हौस असेल पण आकडेवारीचा कंटाळा असेल तर हा मास्टर्स जड जाईल.

परीक्षेचा एक नियम आपल्या मुलांना उशिरा कळतो. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयाची नोंदणी स्वतः, मुदतीत करावी लागते. नापास झाल्यास बहुतेक ठिकाणी दोनच फेरसंधी मिळतात. त्याही गेल्या तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं. आपल्यासारखं एटीकेटी ओढत नेणं तिथं चालत नाही.

पात्रता: क्रेडिटचा हिशोब

जर्मनीत बॅचलर आणि मास्टर्स मिळून ३०० ईसीटीएस धरतात. १२० क्रेडिटच्या मास्टर्सला १८० क्रेडिटची पदवी पुरते. तीन सेमिस्टरच्या, ९० क्रेडिटच्या मास्टर्सला मात्र २१० लागतात, त्यामुळे तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. झालेल्यांसाठी तो रस्ता बहुतेक बंदच. तीन वर्षांची भारतीय पदवी काही विद्यापीठं स्वीकारतात, काही चार वर्षांचीच मागतात. तुमचं विद्यापीठ जर्मनीत मान्य आहे का ते ‘अनाबिन’ या सरकारी डेटाबेसमध्ये दिसतं. तिथं नावापुढे ‘एच प्लस’ असेल तर चिंता नाही.

आता विषयांचा हिशोब. समजा, एखाद्या अभ्यासक्रमाची अट आहे: गणितात किमान २४ ईसीटीएस. तुमची पदवी एआयसीटीईच्या १६० क्रेडिटच्या आराखड्याप्रमाणे झाली आहे. चार वर्षं म्हणजे २४० ईसीटीएस, म्हणजे तुमचं एक क्रेडिट सुमारे दीड ईसीटीएस. इंजिनिअरिंग मॅथ्सचे तीन पेपर, प्रत्येकी ४ क्रेडिट, एकूण १२. त्याचे झाले १८ ईसीटीएस. इथं बरेच जण ‘आपण बसत नाही’ म्हणून सोडून देतात. पण कॉम्प्युटर शाखेत डिस्क्रीट मॅथ्स असतं, त्याची ३ क्रेडिट असतील तर आणखी साडेचार मिळाले: साडेबावीस. प्रोबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर असेल तर अट पूर्णच झाली. उलट, सिग्नल्स अँड सिस्टिम्स हा विषय एकदा सिग्नल प्रोसेसिंगच्या रकान्यात धरला की तो पुन्हा गणितात धरता येत नाही. काही विद्यापीठांची रूपांतराची स्वतःची पद्धत असते, ती दिलेली असेल तर तीच वापरा.

हा हिशोब तक्त्यात मांडा: त्यांची अट, तुमचा विषय, क्रेडिट, शिकवलेले तास आणि सिलॅबसच्या पीडीएफमधला पान क्रमांक. काही विद्यापीठं असा तक्ता अर्जातच भरायला देतात. देत नसतील तरी स्वतःहून जोडावा. दोनशे पानांचा सिलॅबस जसाच्या तसा अपलोड केला तर त्यात तुमचा विषय शोधत बसायला समितीला वेळ नसतो. थोडी क्रेडिट कमी पडली तर काही ठिकाणी अटीवर प्रवेश मिळतो: पहिल्या वर्षात बॅचलरचे ठरावीक विषय जास्तीचे पूर्ण करायचे.

मग येतात टक्के. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. बऱ्याच अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ च्या आसपास असते. रूपांतर सुधारित बव्हेरियन सूत्रानं होतं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. सीजीपीए ८.२, कमाल १०, पास ४ असेल तर उत्तर १.९. तोच सीजीपीए, पण पासची रेषा ५ धरली तर २.०८. म्हणून किमान उत्तीर्ण श्रेणी कोणती हे सांगणारा अधिकृत कागद जवळ हवा. मार्कशीटच्या मागे ती छापलेली असते, स्कॅन करताना नेमकी तीच बाजू राहून जाते.

भाषेचं सोपं आहे. इंग्रजी अभ्यासक्रमाला बहुधा आयईएलटीएस ६.५ किंवा त्या तोडीचा टोफेल लागतो. इंग्रजी माध्यमाचा दाखला सगळीकडे चालत नाही. जर्मन अभ्यासक्रमाला डीएसएच-२ किंवा टेस्टडाफमध्ये चारही भागांत ४ ही नेहमीची पातळी; या दोन्ही जर्मन भाषेच्या परीक्षा.

कागदपत्रं

सगळ्यात आधी एपीएस. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना स्टुडंट व्हिसासाठी हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे, आणि बरीच विद्यापीठं ते प्रवेश अर्जासोबतच मागतात. तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत याची ती पडताळणी असते. शुल्क १८,००० रुपये. त्याला काही आठवडे ते काही महिने धरून चाला आणि बाकी सगळं त्याच्या मागून लावा.

अर्जाला लागतात ते असे: दहावी-बारावीच्या मार्कशीट, पदवीच्या सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट किंवा ट्रान्सक्रिप्ट, पदवी प्रमाणपत्र किंवा प्रोव्हिजनल, भाषेचा निकाल, पासपोर्ट, सीव्ही, एसओपी आणि मागितलं असेल तरच एलओआर (शिफारसपत्र). शेवटच्या सेमिस्टरला असाल तर आतापर्यंतच्या मार्कशीटवर अर्ज करता येतो. अंतिम प्रमाणपत्र नावनोंदणीच्या वेळी दाखवायचं. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात आधीच अर्ज टाकून ठेवा. परीक्षा विभागाच्या खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर जर्मन मुदतीला ऐकू येत नाही.

महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. तिकडच्या कारकुनाला हे दोन वेगळे लोक वाटू शकतात. सगळ्या फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणेच भरा. स्पेलिंगमध्ये खरोखर फरक असेल तर इंग्रजीत प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

पोर्टफोलिओ सगळे मागत नाहीत. मागितला तर तीन-चार कामं पुरेत, पण प्रत्येकात तुमचा हात नेमका कशात होता ते लिहा. पाच जणांच्या गेममध्ये शेडर (पडद्यावरचा रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) तुम्ही लिहिले असतील तर तेवढंच सांगा. एसओपीतही तेच: त्या विद्यापीठातला कोणता विषय, कोणती प्रयोगशाळा, तुमच्या कोणत्या कामाशी जुळते. लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड वगैरे परिच्छेद सरळ काढून टाका.

अर्ज आणि पुढचं

काही विद्यापीठं थेट स्वतःच्या पोर्टलवर अर्ज घेतात, काही यूनि-असिस्टमार्फत. यूनि-असिस्ट ही बर्लिनची संस्था कागदपत्रं तपासून पुढे पाठवते, प्रवेशाचा निर्णय मात्र विद्यापीठाचाच. तिचं शुल्क एका सेमिस्टरसाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. काही ठिकाणी आधी तिच्याकडून ‘व्हीपीडी’ हा तपासणीचा दाखला घेऊन मग विद्यापीठाकडे अर्ज करायचा असतो. तिथं तपासणीलाच चार ते सहा आठवडे जातात. हिवाळी सत्र ऑक्टोबरपासून. १५ जुलै ही जुनी ओळखीची मुदत, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती अनेकदा त्याच्या कितीतरी आधी संपते. अभ्यासक्रमाच्या स्वतःच्या पानावरची तारीखच खरी माना.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं अंशदान. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून फी सुरू केली आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षभराचा खर्च दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि तिथं गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. एवढी रक्कम उभी करायला बँकेचं कर्ज काढणार असाल तर मंजुरीची प्रक्रिया प्रवेशपत्राची वाट न पाहता सुरू करा.

प्रवेशपत्र आलं की त्यात दिलेल्या तारखेच्या आत जागा स्वीकारल्याचं कळवावं लागतं. मग आरोग्य विमा आणि व्हिसा. महाराष्ट्रातल्या अर्जदारांचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. व्हिसा हातात यायला सत्राची सुरुवात उलटून जाणार असं दिसलं तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला लगेच मेल करा आणि उशिरा नावनोंदणीची शेवटची तारीख लेखी मागून घ्या.